कागदावर बावीस

मी पावलांची फाइल बोलतेय. कपाटात धूळ खात पडलेली, नाडी बांधलेली फाइल नव्हे. ती माझी लांबची आत्या म्हणा हवं तर. मी संगणकात राहणारी. आमच्या घराण्याला एक्सएमएल म्हणतात. नाव घेताना जीभ अडखळली तर राहू द्या, मला राग नाही.

आमच्याकडे प्रत्येक गोष्टीच्या आधी एक पाटी लागते आणि नंतर एक. 'टाच सुरू', मग माप, मग 'टाच संपली'. 'अंगठा सुरू', माप, 'अंगठा संपला'. उघडलं की मिटायचं, हा आमचा कुळधर्म. लोक म्हणतात, केवढं हे पाल्हाळ! असू दे. एक जरी पाटी मिटायची राहिली, तर मी दार लावून बसते आणि कोणालाच आत घेत नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

माझा जन्म एका बुटांच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणायचं ते आपलं मोठेपणासाठी. चढाच्या रस्त्यावर तीन पायऱ्या उतरून गेलं की लागणारी ती एक लांबट खोली. भिंतीवर लाकडी फर्मे टांगलेले, म्हणजे ज्यावर बूट चढवून घडवतात ती लाकडाची पावलं. जोडीनं टांगलेले, पण एकही जोडी सारखी नाही. कारण इथं येणारी माणसंच तशी. कोणाचा एक पाय आखूड, कोणाची बोटं एकमेकांवर चढलेली, कोणाचा तळवा आत वळलेला. दुकानातला तयार बूट ज्यांच्याकडे तोंड फिरवतो, ती माणसं या तीन पायऱ्या उतरायची.

कारागिराला सगळे मामा म्हणत. हात सोन्याचे, पण डोक्यात काही राहील तर शपथ. मापं वहीत असायची. वहीला खळ लागायची, पानं चिकटायची, आणि मामा एकाची टाच दुसऱ्याच्या पंजाला जोडून मोकळे व्हायचे. एकदा टाचेचं हाड वाढलेला एक संगणकवाला आला. आपलं पान कोणा बाईच्या पानाला चिकटलेलं पाहून तो म्हणाला, "मामा, तुमच्या या वहीपायी माझा चांगला पायसुद्धा वाकडा होईल." बूट तयार होईपर्यंत तो तीन दुपारी कोपऱ्यातल्या संगणकापाशी बसला आणि मला जन्माला घालून गेला.

सांभाळलं मात्र मामींनी. मामी पूर्वी टंकलेखनाचे वर्ग घ्यायच्या. दहा बोटांनी लिहायच्या, बोटांकडे न बघता. संगणकवाला शिकवत होता आणि मामी शेजारी बसून प्रश्न विचारत होत्या.

"आणि ही खूण कसली?"

"या खुणेच्या आत लिहिलेलं यंत्र वाचत नाही, मामी. फाइल उघडून बघणाऱ्या माणसासाठी असतं ते."

"म्हणजे यंत्राच्या पाठीमागे बोलायची सोय."

"तसंच समजा."

"बरं झालं," मामी म्हणाल्या. "माणसांच्या पाठीमागे बोलून कंटाळा आला होता."

त्या जागेला मामी 'शेरा' म्हणू लागल्या. संगणकवाल्यानं कोष्टकात मापांचे रकाने दिले होते, पण माणूस का नुसत्या मापात मावतो? मग काय, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाखाली मामींचा शेरा. एका शिक्षिकेच्या नोंदीखाली लिहिलंय, 'डाव्या तळव्याला गुदगुल्या होतात. फीत हळू लावणे.' एका ट्रकवाल्याच्या खाली, 'दुखतं का विचारलं तर नाही म्हणतो. तोंडाकडे बघू नये, मुठीकडे बघावं.' एका गृहस्थांबद्दल, 'बायको सोबत असली की सैल मागतात, एकटे आले की घट्ट. एकटे आले तेव्हाचं खरं.' आणि नऊ वर्षांच्या एका मुलीच्या मापाखाली मामींनी लिहिलं होतं, 'आधी पायाकडे बघायचं नाही. आधी शाळेतल्या मांजराची चौकशी करायची.'

खोटं कशाला बोलू, मापांपेक्षा मला हे शेरेच प्रिय होते. मापं म्हणजे आकडे. ते कोणाच्याही फायलीत असतात.

कामाची पद्धतही या दोघांची अशी की तिसऱ्याला कळू नये. गिऱ्हाईक पायऱ्या चढून गेलं की मामी मला उघडायच्या. मामा पाठमोरे, हातात रापी, समोर कातडं. मामींनी मोठ्यानं आकडा सांगायचा आणि मामांनी कापायचं. मामांनी कधी वळून पडद्याकडे पाहिलं नाही. 'कागदावर काय आहे' असंही कधी विचारलं नाही. मामींचा आवाज हेच त्यांचं माप. अशी चौदा वर्षं गेली आणि माझ्या पोटात सहाशे चौदा माणसांची पावलं जमली.

मग एका सकाळी मामींनी 'अंगठा सुरू' असं लिहिलं आणि त्या थांबल्या. बोटं तशीच कळांवर राहिली. मी वाट पाहत होते. आता माप येईल, आता पाटी मिटेल. ती मिटली नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मामांची हातोडी खाली पडली, आणि मग पायऱ्यांवर खूप पावलं एकदम वाजली.

दीड महिन्यानं मामी परत आल्या. उजवा हात आणि उजवा पाय जड झाला होता, आणि शब्द गेले होते. डॉक्टर म्हणाले, कळतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. तोंडातूनही नाही आणि हातातूनही नाही. कदाचित हळूहळू सापडतील. मामांनी चाकांची एक खुर्ची आणली आणि मामींना खिडकीपाशी, रस्त्याकडे तोंड करून बसवलं. "तिला रस्ता बघायला आवडतं," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. हे त्यांनी कुठून काढलं कोण जाणे. चौदा वर्षं मामींनी रस्त्याकडे पाठ करूनच काम केलं होतं. पण मामांनी विचारलं नाही. एखाद्याची वाचा गेली की माणसं त्याला सांगतात खूप, समजावतात खूप, विचारायचं मात्र सोडून देतात. हे मी आत बसून शिकले.

इकडे कामाचा बोजवारा उडाला. मी दार लावून बसलेली, मामांना संगणक म्हणजे वाघ. ते बिचारे जुन्या चिठ्ठ्या शोधत, प्रत्येकाचा पाय पुन्हा मोजत. शेवटी त्यांनी बहिणीच्या मुलीला हाक मारली. भाची संगणकाचंच काम करणारी, हुशार, आणि मामावर जीव असलेली. आपलं काम सोबत घेऊन ती महिना-दोन महिन्यांसाठी येऊन राहिली.

आल्या आल्या तिनं माझं दुखणं ओळखलं. "एक पाटी मिटायची राहिलीय फक्त," ती म्हणाली. तिनं 'अंगठा संपला' लिहिलं आणि माझं दार उघडलं. त्या क्षणी मला ती फार आवडली. पुढचं ऐकेपर्यंतच.

"मामा, ही फार जुनी पद्धत आहे. मी सगळं जेसनमध्ये उतरवते. मग तुझ्या कामाच्या टेबलावर एक टॅबलेट लावू. गिऱ्हाइकाचं नाव दाबलं की मापं समोर. कोणी ओरडून सांगायला नको."

"कर बाई काय करायचं ते," मामा म्हणाले. "माझे पाय एकमेकांत गुंतू नयेत म्हणजे झालं."

जेसन म्हणजे माझी धाकटी बहीणच म्हणायची. सडपातळ, चटपटीत. सुरूच्या आणि संपल्याच्या पाट्या नाहीत. नाव लिहायचं, दोन टिंबं, माप लिहायचं, आणि सगळ्यांना एका महिरपी कंसात बसवायचं, झाला संसार. थोरलीला धाकटीचा हेवा वाटतो म्हणतात. वाटला थोडा, नाही कशाला म्हणू?

भाचीनं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो माझी एकेक पाटी वाचायचा, आतलं माप उचलायचा आणि धाकटीच्या ओटीत टाकायचा. काम चोख करायची पोरगी. एक गृहस्थ होते, त्यांना पायच एक. बाकी सगळ्यांच्या दोन पायांची धाकटीनं यादी केली आणि या एका पायाला एकटाच आहे म्हणून यादीबाहेर सुटा ठेवला. टॅबलेट त्यांच्या नावापाशी येऊन अडून बसला. भाचीनं ते शोधलं, दुरुस्त केलं, आणि एकट्या पायालाही यादीत मानानं बसवलं. मग तिनं मोजदाद केली. माझ्याकडे सहाशे चौदा माणसं, धाकटीकडे सहाशे चौदा. मापन्माप जुळलं. एकही आकडा इकडचा तिकडे नाही.

आणि शेरा एकही नाही. आमच्या यंत्रांचा शिरस्ताच आहे, त्या खुणेच्या आतलं वाचायचं नाही. संगणकवाल्यानं चौदा वर्षांपूर्वी सांगितलंच होतं की. भाचीनंही तिथं डोकावून पाहिलं नाही, कारण तिच्या कामातल्या फायलींत त्या जागी जुना कचरा असतो. कोणीतरी कधीतरी टाकलेल्या, आता नको असलेल्या ओळी. तिथं कोणी माणसं ठेवत असेल, असं तिच्या मनात तरी कसं यावं?

"झालं, मामा! सगळं आलं," ती टाळी वाजवून म्हणाली. "जुनी फाइल टाकून देते. दोन ठिकाणी मापं राहिली की गोंधळ होतो."

खिडकीपाशी मामींचा डावा हात चौकटीवर आपटला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पाठ आमच्याकडे, तोंड रस्त्याकडे.

"ऊन लागतंय वाटतं तिला," मामा म्हणाले आणि त्यांनी प्रेमानं पडदा ओढला.

मी कचरापेटीत गेले. संगणकाच्या कचरापेटीत घाण नसते, वासही नसतो. तिथं फक्त तुम्हाला कोणी हाक मारत नाही. तीस दिवस ठेवतात आणि मग कायमचं पुसतात. माझ्या शेजारी एक धूसर आलेला फोटो आणि कोणाचा तरी अर्धवट अर्ज होता. माझं काय व्हायचं ते होवो, मी तर नुसती पाट्यांची चळत. पण मामींचे चौदा वर्षांचे शब्द जगात दुसरीकडे कुठंच उरले नव्हते. मामींच्या जवळही नाही. हे कळणाऱ्या दोघीच होत्या, एक कचरापेटीत आणि एक पडद्याआड. आणि दोघींनाही बोलता येत नव्हतं.

सव्विसाव्या दिवशी पायऱ्यांवर एक पाऊल जड, एक हलकं असं वाजलं. तो आवाज मी ओळखते. आमची टपालताई. या चढाच्या गल्ल्यांतून घरोघरी टपाल वाटणारी. तिचा डावा पाय आखूड आहे, म्हणून डाव्या बुटाच्या तळाला बुचाच्या लाकडाची जाड पट्टी लागते. तीन आठवड्यांपूर्वी मामांनी तिला नवे बूट करून दिले होते, टॅबलेटवरचं माप बघून केलेले पहिलेच.

"मामा, रागावू नका," ती म्हणाली, "पण हे बूट मला धार्जिणे नाहीत. तिसऱ्या गल्लीपर्यंत कंबर धरते. काल एका घराच्या जिन्यावर बसूनच राहिले मी. साहेब म्हणतात, सोमवारपासून खिडकीवर बस, तिकिटं विक."

"मग चांगलंच आहे की, सावलीत बसशील."

"सावलीत बसायला मी काय झाड आहे का? माझी माणसं आहेत त्या गल्ल्यांत. एकवीस वर्षं चालतेय मी."

मामांनी तिचा पाय पुन्हा मोजला. एकदा, दोनदा, चष्मा पुसून तिसऱ्यांदा. फरक बावीस मिलिमीटर. डॉक्टरांच्या कागदावर बावीस. टॅबलेटवर बावीस. बुटाची पट्टीही बावीस. चूक कुठंच नव्हती आणि बाई तर लंगडत होती.

"पूर्वीही बावीसच होतं ना गं?"

"हो तर. बावीसच. डॉक्टरांनी लिहूनच दिलंय."

ती बूट ठेवून, जुने झिजलेले घालून टपाल वाटायला गेली. मामा स्टुलावर बसले. "माझा हात गेला," ते म्हणाले. "इतकी वर्षं तिला कधी दुखलं नाही. आता हाच गेला म्हणायचा." त्यांनी रापी पुसली आणि खोक्यात ठेवली. दुपारी तीन वाजता मामांनी रापी खोक्यात ठेवलेली मी कधी पाहिली नव्हती.

भाचीला ते बघवेना. "थांब, मामा. तुझा हात नाही, माझाच प्रोग्रॅम चुकला असेल. मूळ फाइल बघते." तिनं मला कचरापेटीतून बाहेर काढलं. काय सांगू, चार दिवस उरले होते! तिनं मला त्या साध्या पांढऱ्या खिडकीत उघडलं, जशी मामी उघडायच्या, आणि टपालताईचं नाव शोधलं. 'फरक सुरू, बावीस, फरक संपला.' भाचीचा चेहरा पडला. तिथंही बावीसच.

मग तिची नजर एक ओळ खाली गेली.

"मामा, इथं काहीतरी लिहिलंय," ती म्हणाली आणि मोठ्यानं वाचू लागली. "'कागदावर बावीस. बावीसनं हिची कंबर धरते, दोनदा पुठ्ठे लावून चालवून पाहिलं. हिला सांगू नये, डॉक्टरांच्या कागदावर हिचा फार विश्वास. बावीस आहे असंच म्हणावं, आणि करताना...'"

"एकोणीस," खिडकीतून आवाज आला.

खरखरीत, गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज, पण आकडा स्वच्छ. पुढची ओळ तीच होती. 'करताना एकोणीस करणे.'

मामा उठताना स्टूल उलटलं. भाची धावत गेली, पडदा बाजूला केला आणि चाकांची खुर्ची गर्रकन फिरवून संगणकासमोर आणली. सात महिन्यांनी मामींनी मला पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडानं त्या एकच म्हणत होत्या, "एकोणीस. एकोणीस. एकोणीस."

"तूच सांगायचीस," मामा म्हणाले. ते खाली बसून बायकोच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडत होते. "तू सांगायचीस एकोणीस, मी एकोणीस कापायचो. बावीस मला ठाऊकच नव्हतं गं!"

भाची मला वरपासून खालपर्यंत सरकवत गेली. ट्रकवाल्याची मूठ, शिक्षिकेच्या गुदगुल्या, शाळेतलं मांजर. "मी हे सगळं फेकलं होतं," ती हळूच म्हणाली. "मामी, मी तुला विचारलंसुद्धा नाही." मामींनी डाव्या हातानं तिच्या डोक्यावर एक टपली मारली आणि मग तोच हात तिथं ठेवला.

दुसऱ्या दिवशी सोनाराच्या हलकेपणानं मामांनी तीन मिलिमीटर उतरवले. टपालताई बूट घालून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. "आता कसं! काय केलंत हो?" "काही नाही, बावीसच आहे. जरा नीट बसवलं," मामा म्हणाले. मामी खिडकीपाशी हसत होत्या. सोमवारी तिकिटं दुसऱ्याच कोणीतरी विकली.

धाकटीला भाचीनं नवीन रकाना दिला, शेरा नावाचा. प्रोग्रॅमनं झटक्यात सगळे शेरे उतरवले असते, पण भाचीनं तसं केलं नाही. रोज सकाळी ती मामींची खुर्ची माझ्यासमोर आणायची, एकेक शेरा वाचायची आणि शेवटच्या शब्दाच्या अलीकडे थांबायची. मामी तो शब्द शोधायच्या. कधी सापडायचा, कधी हाती लागायचा नाही, कधी भलताच यायचा आणि दोघीही हसायच्या. 'फीत हळू' म्हटलं की मामी 'लावणे' म्हणायच्या. सहाशे चौदा माणसं अशी एका बहिणीकडून दुसरीकडे गेली, मामींच्या तोंडून. मला हेवा वाटला का, विचाराल. लेक सासरी पाठवताना आईला जे होतं ते झालं.

फक्त एक गोष्ट होत होती. वाचन संपलं की मामा यायचे आणि खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळवायचे. "दमली असेल. बघू दे जरा रस्ता."

परवा मामांनी मामींच्याच पायाचं माप घेतलं. सहाशे चौदा माणसांची पावलं लिहिणाऱ्या बाईचं स्वतःचं पाऊल माझ्यात कधी नव्हतं. उजवं पाऊल आता चालताना खाली लोंबतं, त्याला घोट्याशी आधार देणारा बूट हवा. मामांनी फीत लावली आणि या वेळी आकडे ते ओरडले, भाचीनं लिहिले. सहाशे पंधरावी नोंद. थेट धाकटीत.

"आणि शेरा?" भाचीनं विचारलं. मामींकडे बघून विचारलं.

मामींनी डाव्या हाताची तर्जनी पुढे केली. एकेक अक्षर शोधत गेल्या. चुकलं की पुसायचं, पुन्हा शोधायचं. चहा निवला. मामा जवळ येऊन उभे राहिले. बऱ्याच वेळानं पडद्यावर दोन शब्द उभे होते.

'खुर्ची इकडेच.'

मामांनी ते दोनदा वाचलं. मग ते हत्यारांच्या खोक्याकडे गेले, पाना घेऊन आले, जमिनीवर बसले आणि खुर्चीची चारही चाकं काढून टाकली.

माझं म्हणाल तर मला आता कोणी पुसणार नाही. भाचीनं मला कुलूप घालून ठेवलंय. वाचता येईल, बदलता येणार नाही. नवं कोणी माझ्यात येणार नाही, त्याचं वाईट वाटतं आणि नाहीही. तुमच्याकडे माझ्यासारखी कोणी जुनी असेल, तर तिला टाकण्याआधी यंत्र जिथं वाचत नाही तिथं एकदा डोकावून बघा. आणि खोलीत कोणी गप्प बसलेलं असेल, तर आधी त्यांची खुर्ची वळवा, मग त्यांनाच विचारा.

ही गोष्ट सांगताना मी उघडलेली पाटी तेवढी मिटायची राहिलीय. मामी समोर बसल्यात, चांगला उजेड आहे. आता मिटायला हरकत नाही.